थकबाकी कुणाची, तहान कुणाची?

सातारच्या शाळेत शिकणाऱ्या भिवाला तहान लागायची, तेव्हा नळ समोरच असायचा. नळाला पाणीही असायचं. पण त्या नळाला हात लावायची भिवाला मुभा नव्हती. बाकीच्या पोरांना मास्तरांची परवानगी पुरायची. भिवासाठी शाळेचा शिपाई यावा लागे. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर कोरडा घसा. बाबासाहेबांनी ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे.

आज सातारा-सांगलीत असा शिपाई कुठे उभा नसतो, असं आपल्याला सांगितलं जातं. मान्य करू. मग आमचा साधा प्रश्न आहे. वस्तीचा नळ आज कोण सोडतं आणि कोण बंद करतं? बौद्धवाड्यातला, मातंग वस्तीतला दिवा कुणाच्या सहीने विझतो? ती सही कुठल्या कागदावर आहे? आणि तो कागद आपण आजवर मागितला का नाही?

आजचा शिपाई हाताने नळ बंद करत नाही. तो एक शब्द उच्चारतो: थकबाकी. हा शब्द ऐकला की आपली माणसं मान खाली घालतात. आपणच चोर आहोत असं वाटून गप्प बसतात. आमचं म्हणणं असं की या शब्दाला घाबरायचं नाही. हा शब्द लिहून मागायचा. कुणाची थकबाकी, किती, कधीपासून, नोटीस कुणाला दिली, तोडायचा आदेश कुणी काढला, हे सगळं तारखेसह, सहीशिक्क्यासह.

बिल ग्रामपंचायतीचं, अंधार वस्तीचा

२०२१ साल आठवा. कोरोनाने लोकांचा रोजगार गेला होता. त्याच वर्षी महावितरणने राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची आणि पाणीपुरवठा योजनांची वीज थकबाकीसाठी तोडायला सुरुवात केली. सरपंच रस्त्यावर उतरले. ग्रामपंचायती म्हणाल्या, पथदिव्यांचं बिल सरकार भरत होतं. सरकार म्हणालं, वित्त आयोगाच्या पैशातून तुम्ही भरा. दोघांचं भांडण वर्तमानपत्रात रंगलं. त्या भांडणात एका प्रश्नाला जागाच नव्हती: पंप बंद पडल्यावर तहानलेलं कोण राहतं?

गावाचा पंप बंद पडतो तेव्हा अख्खं गाव सारखं तहानलेलं राहत नाही. ज्याच्या मळ्यात विहीर आहे, त्याच्या घरी पाणी येतं. ज्याच्या दारात बोअर आहे, त्याला टाकीची गरज नाही. ज्याच्या घरात इन्व्हर्टर आहे, त्याला पथदिव्याचं काय? सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक दिवा हाच ज्यांचा एकमेव आधार, ती माणसं भूमिहीन आहेत. आणि या दोन जिल्ह्यांत भूमिहीन म्हणजे कोण, हे आम्ही वेगळं सांगायला नको. सार्वजनिक सोय तुटते तेव्हा ती कागदावर सगळ्यांची तुटते. प्रत्यक्षात ती आपली तुटते. त्या दिवशी आपल्या बायका घागर घेऊन कुणाच्या तरी विहिरीवर जातात आणि चार शब्द ऐकून पाणी आणतात. म्हणजे ज्या मेहेरबानीतून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढलं, तिच्याच दारात एका तुटलेल्या वायरने आपल्याला परत नेऊन उभं केलं.

उसाच्या पाण्याला तोडगा, पिण्याच्या पाण्याला नोटीस

'बिल थकलं तर तोडणारच, कायदा सगळ्यांना सारखा', असं साहेब लोक म्हणतात. सारखा आहे का, ते बघू.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना आपल्याच भागातल्या. टेंभूचं पाणी कराड तालुक्यात उचललं जातं आणि खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडे जातं. या योजनांची वीजबिलं थकली, पंप थांबले, आंदोलनं झाली, बैठका झाल्या आणि शेवटी सूत्र निघालं: ८१ टक्के बिल सरकारचं, १९ टक्के शेतकऱ्यांचं. एप्रिल २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजच मोफत झाली.

आमचा शेतकऱ्याला विरोध नाही. दुष्काळी भागात पाणी पोचलंच पाहिजे. पाणी संघर्ष चळवळीने तर समन्यायी वाटपाची मागणी करताना भूमिहीनांच्या वाट्याचाही विचार मांडला, हे आम्ही विसरलेलो नाही. पण एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. उसाच्या पाण्याचं बिल थकलं तेव्हा राज्याने तोडगा काढला, कारण मागणाऱ्यांकडे ऊस होता, कारखाने होते, आमदार होते. पिण्याच्या पाण्याचं बिल थकतं तेव्हा वस्तीकडे काय असतं? रिकामी घागर. पंप असलेल्याला माफी आहे. पंप घ्यायला ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्या घरचा मीटर मात्र काही शे रुपयांसाठी काढून नेला जातो.

बाबासाहेबांच्या नावाच्या योजनेचंच बघा. २०२१ च्या भीमजयंतीपासून महावितरणने 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना' आणली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना ५०० रुपये अनामत भरून, तीही पाच हप्त्यांत, वीजजोडणी. चांगली गोष्ट. पण अट अशी की त्या जागेची आधीची थकबाकी नसावी. म्हणजे ज्या घराची वीज गरिबीपायी तुटली, त्या घराला बाबासाहेबांच्या नावाचा प्रकाश नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर. आपल्या तालुक्यात या योजनेत किती अर्ज आले, किती नाकारले आणि त्यातले किती थकबाकीच्या कारणावरून, हे आपल्यापैकी कुणी विचारलं आहे?

आणि हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात हजारो घरांचं पाणी थकबाकीसाठी तोडलं. त्या शहरात बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्याच वेळी मोठ्या व्यापारी ग्राहकांचीही थकबाकी होती, हे तिथल्या पत्रकारांनी बाहेर काढलं. ज्याला परवडतच नाही त्याचं पाणी तोडणं मानवी हक्कांच्या विरुद्ध आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी तिथे जाऊन सांगितलं. यादी बाहेर आली तेव्हाच 'कायदा सगळ्यांना सारखा' या वाक्यातली हवा निघाली. आपल्याकडची यादी अजून कपाटात आहे.

निवेदनाचा फोटो पुरे झाला

आता आपल्याच घरात डोकावू. वस्तीचं पाणी तुटलं की आपण काय करतो? निवेदन लिहितो. निळी उपरणी घालून तहसीलदारांकडे जातो. निवेदन देतानाचा फोटो काढतो. फोटो ग्रुपवर टाकतो. खाली पन्नास 'जय भीम' येतात. नळाला पाणी येत नाही.

निवेदन आणि माहिती अर्ज यांत फरक काय, हे प्रत्येक कार्यकर्त्याला कळलं पाहिजे. निवेदन म्हणजे विनंती. साहेबाने ते वाचावं, बाजूला ठेवावं, त्याची मर्जी. माहिती अर्जाला मात्र मुदत असते. ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर अपील होतं. आयोगापुढे दोष ठरला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. निवेदनात आपण हात जोडतो. माहिती अर्जात हिशेब मागतो.

आमचाच अनुभव सांगतो. गावाचं नाव देत नाही, कारण तिथल्या माणसांना तिथे रोज राहायचं आहे. पंपाची वीज तुटली आणि वस्ती तीन आठवडे पाण्याविना राहिली. आम्ही तीन निवेदनं दिली. प्रत्येक वेळी एकच उत्तर: 'वस्तीतले लोक पाणीपट्टी भरत नाहीत, म्हणून बिल थकलं.' शेवटी वस्तीतल्या एका दारिद्र्यरेषेखालच्या मावशींच्या नावाने अर्ज केला. ३० दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं. मग कागद आले. वसुलीच्या वहीत वस्तीतल्या बहुतेक घरांपुढे 'जमा' लिहिलेलं होतं. मोठे आकडे गावठाणातल्या दुमजली घरांपुढे होते. आणि मासिक सभेच्या इतिवृत्तात सहा महिन्यांत वीजबिलाचा विषय एकदाही नव्हता. ते कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचले. पुढच्या आठवड्यात बिलाचा हप्ता भरला गेला आणि पंप सुरू झाला.

त्या मावशी त्या दिवशी म्हणाल्या, 'म्हंजी आमी भरलंवतं की!' या एका वाक्यासाठी तो अर्ज होता. वर्षानुवर्षं ज्यांना फुकटे म्हटलं गेलं, त्यांनी पैसे भरले होते. फक्त वही दुसऱ्याच्या हातात होती.

महाडला बाबासाहेब ठराव घेऊन गेले होते

काही तरुण म्हणतात, 'आम्ही पँथरचे वारसदार, आम्ही रस्त्यावर लढणार, अर्जफाटे कारकुनांनी करावेत.' त्यांना आम्ही महाडची आठवण देतो.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव फायलीत पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या कागदाला पाय दिले. त्यानंतर सनातनी कोर्टात गेले आणि तळं खाजगी की नगरपालिकेचं, यावर दहा वर्षं कागदांची लढाई चालली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. सत्याग्रहही होता आणि दप्तरही होतं. एकाशिवाय दुसरं अपुरं राहिलं असतं. कागद नसलेला मोर्चा चार तासांत घरी येतो. मोर्चा नसलेला कागद कपाटात मरतो.

काय मागायचं, कसं मागायचं

'पाणी का तोडलं?' असं लिहू नका. 'का' या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर देता येत नाही, असं म्हणून अर्ज फेटाळतात. आदेशाची, नोटिशीची, टिपणीची प्रत मागा. आणि सोबत कलम ४(१)(घ) लिहा. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित माणसांना कळवणं हे त्या कलमाने कार्यालयाचंच कर्तव्य ठरवलं आहे.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द असा नियम आहे. म्हणून प्रश्न वाटून घ्या. एकाने बिलं मागावीत, दुसऱ्याने वसुली, तिसऱ्याने ठराव.

महावितरणकडे मागा: वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे दिलेली, पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा. त्या महिन्यात उपविभागात किती जोडण्या तोडल्या, त्यांची ग्राहकवर्गाप्रमाणे संख्या. आणि तेवढीच किंवा जास्त थकबाकी असून न तोडलेल्या जोडण्यांची वर्गवार संख्या. नावं मागू नका. नावं मागितली की खाजगी माहितीचं कलम पुढे करतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी कडक केलं आहे. आकड्यांना खाजगीपणा नसतो.

ग्रामपंचायतीकडे मागा: पाणीपुरवठ्याच्या पंपाची दोन वर्षांची वीजबिलं आणि भरणा पावत्या. कर मागणी नोंदवही म्हणजे नमुना ९. मासिक सभा आणि ग्रामसभेची इतिवृत्तं. आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या १५ टक्के मागासवर्गीय निधीचा खर्च, कामवार. वस्तीच्या दिव्यांसाठी पैसे नव्हते म्हणणाऱ्यांचे हे पैसे कुठे गेले, ते तिथेच सापडतं.

घरची वीज तुटली असेल तर त्याच कलम ५६ चं पोटकलम २ वाचा. दोन वर्षांपूर्वीची रक्कम बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. आणि बिल चुकीचं वाटत असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी ती हरकत नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

पाण्याच्या अर्जावर वरच ठळक लिहा: 'जीविताशी संबंधित, कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत माहिती द्यावी.' अधिकारी ते सहज मानणार नाहीत. तरीही लिहा, म्हणजे अपिलात मुद्दा राहतो. दारिद्र्यरेषेचा दाखला जोडला तर शुल्क नाही. बाकीच्यांना अर्जाला १० रुपये. मुदत चुकली की पुढची माहिती फुकट. आणि २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहायला मिळतात. सोमवारी दोघं जण जा. एक वाचेल, एक उतरवून घेईल.

तीन आक्षेप

पहिला: 'माहिती अधिकारवाले ब्लॅकमेलर असतात.' काही असतात. अर्ज टाकून पाकीट घेऊन मागे घेणारे तालुक्यातालुक्यात आहेत, आणि त्यातला एखादा आपलीच निळी टोपी घालून फिरतो, हे कबूल केलं पाहिजे. त्याला उपाय एकच. अर्ज एकट्याचा नसावा, वस्तीच्या बैठकीत ठरलेला असावा. उत्तर आलं की ते विहारात सगळ्यांसमोर वाचावं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून हेच केलं. पंचायतीचे कागद गावासमोर वाचले, आणि त्या जनसुनावणीतून माहितीच्या हक्काची मागणी देशभर गेली. जो कागद चारचौघांत वाचला जातो, तो विकता येत नाही.

दुसरा: 'कायदा मेला आहे, आयोगात वर्षं जातात.' राज्य माहिती आयोगापुढे प्रलंबित अपिलं एक लाखाच्या वर गेली होती, हे खरं आहे. सातारा-सांगलीची अपिलं पुणे खंडपीठाकडे जातात आणि तारीख लवकर लागत नाही. पण बरीच माहिती पहिल्या अपिलातच निघते, कारण आपला मुद्दा अवघड नसतो. तो लपवलेला असतो. आणि उत्तर दिलंच नाही, तर 'नोटिशीची प्रत दिली नाही' हाही एक पुरावाच. अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक नळ किंवा विहीर वापरायला अडथळा करणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट गुन्हा आहे. तो सिद्ध करायला तारखा लागतात. तारखा कागदातच असतात.

तिसरा आक्षेप खरा आहे: भीती. पाण्याचा हक्क मागणं या जिल्ह्यात जिवावर बेतलेलं आहे. माण तालुक्यातल्या कुळकजाईत एप्रिल २००७ मध्ये मधुकर घाडगे यांचा खून झाला. कारण काय, तर ते विहीर खोदत होते. २०१० मध्ये सातारच्या न्यायालयातून आरोपी सुटले. त्याच २०१० साली माहिती अधिकार वापरणारे तळेगावचे सतीश शेट्टी आणि इचलकरंजीचे दत्तात्रय पाटील मारले गेले. म्हणून आम्ही कुणाला एकट्याने छाती काढायला सांगत नाही. उलट सांगतो, एकट्याने अर्ज करू नका. दहा घरांनी दहा अर्ज करा. एका माणसाला धमकावता येतं. अख्ख्या वस्तीच्या सह्यांना धमकावणं अवघड असतं.

कामाला लागू

बाबासाहेबांच्या तीन शब्दांतला पहिला शब्द 'शिका' आहे. तो आपण फक्त पदवीसाठी वापरला. आपल्या वस्तीत आज पदवीधर पोरं आहेत, स्पर्धा परीक्षेत कलमं पाठ करणारी पोरी आहेत. त्यांनी आठवड्यातला एक तास या कामाला द्यावा. ७ नोव्हेंबरला आपण बाबासाहेबांच्या सातारच्या शाळाप्रवेशाचा दिवस साजरा करतो. या वर्षी त्या दिवशी हार-तुऱ्यांबरोबर प्रत्येक विहारात दहा अर्ज लिहायला बसू. विषय एकच: आमच्या वस्तीचं पाणी आणि आमच्या वस्तीचा दिवा.

तेव्हा शिपाई नसला की भिवा तहानलेला राहायचा, आणि हे कुणी ठरवलं असं विचारायची सोय त्या पोराला नव्हती. पुढे त्याच पोराने देशाचं संविधान लिहिलं आणि विचारायचा हक्क आपल्या हातात दिला. आता नळाशी कुणी आडवा आला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याला विचारा, आदेश दाखव. नसेल तर बाजूला हो.

जय भीम! जय संविधान!